नक्की कोणत्या कॅलेंडरवर काम चाललंय?

वेळापत्रक काल संध्याकाळी जुळलेलं होतं. आज सकाळी तीच फाइल उघडली तर बऱ्याच कामांच्या तारखा एक-दोन दिवसांनी सरकलेल्या. कामांचे क्रम तेच, कालावधी तेच, माणसंही तीच. शेवटी कुणीतरी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधली ‘चेंज वर्किंग टाइम’ची खिडकी उघडतं आणि कॅलेंडरांच्या यादीत ‘स्टँडर्ड’च्या शेजारी ‘स्टँडर्ड पुणे’, ‘पुणे स्टँडर्ड’, ‘पुणे २०२४’, ‘पुणे २०२४ नवीन’ अशी रांग दिसते. एकापेक्षा जास्त प्रकल्प एकाच मनुष्यबळावर चालणाऱ्या कुठल्याही प्लॅनिंग विभागाला हे चित्र ओळखीचं असेल. जादाची कॅलेंडरं काढून टाकावीत, असं तिथे प्रत्येकाला वाटतं.

माझं मत असं की काढून टाकणं ही या दुरुस्तीतली सगळ्यात शेवटची पायरी आहे. यादीत कॅलेंडर दोनदा दिसतं हे फक्त लक्षण झालं. खरा प्रश्न कोणता माणूस, कोणतं काम आणि कोणता प्रकल्प यांतल्या कोणत्या प्रतीवर चालतो, हा आहे. त्याचं उत्तर हातात नसताना एखादी प्रत काढली, तर तिच्यावर टेकलेली कामं निमूटपणे दुसऱ्या कुठल्यातरी कॅलेंडरवर जाऊन बसतात आणि मग मूळ तारीख काय होती हे सांगायलाही कुणी उरत नाही.

गोंधळाचं मूळ कॅलेंडरांच्या उतरंडीत आहे. प्रोजेक्टमध्ये तळाशी ‘बेस कॅलेंडर’ असतं. ‘स्टँडर्ड’, ‘२४ अवर्स’ आणि ‘नाइट शिफ्ट’ ही तीन तर सॉफ्टवेअरबरोबरच येतात. ‘स्टँडर्ड’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२ आणि दुपारी १ ते ५. यांतलंच एखादं बेस कॅलेंडर प्रकल्पाचं कॅलेंडर म्हणून नेमलं जातं. प्रत्येक माणसाला किंवा यंत्राला स्वतःचं कॅलेंडर असतं. ते एका बेस कॅलेंडरवर आधारलेलं असतं आणि त्यावर त्या माणसाच्या रजा चढवलेल्या असतात. शिवाय एखाद्या कामालाही वेगळं कॅलेंडर देता येतं. कामाला माणूस नेमलेला नसेल तर तारखा प्रकल्पाच्या कॅलेंडरवरून निघतात. माणूस नेमला की त्याचं कॅलेंडर लागू होतं. काम आणि माणूस दोघांनाही कॅलेंडर असेल तर दोघांची सामायिक वेळ धरली जाते. कामाच्या माहितीत ‘माणसांची कॅलेंडरं दुर्लक्षित करा’ अशी खूण केली असेल, तेवढा अपवाद.

ही रचना डोळ्यांनी पाहायची असेल तर फाइल एक्सएमएल स्वरूपात साठवून साध्या नोटपॅडमध्ये उघडावी. प्लॅनिंगमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाने हे एकदा तरी करावं. ‘कॅलेंडर्स’ या भागात प्रत्येक कॅलेंडरला एक क्रमांक, एक नाव आणि ते बेस आहे की नाही याची १ किंवा ० अशी खूण असते. पडद्यावरच्या यादीत बेस कॅलेंडरं चारच असली, तरी इथे माणसांच्या नावाची कॅलेंडरं ओळीने दिसतात आणि प्रत्येकाखाली ते कोणत्या बेस कॅलेंडरवर उभं आहे त्याचा क्रमांक असतो. एका फाइलच्या आतले धागे अशा क्रमांकांनी बांधलेले असतात. फाइल दुसऱ्या फाइलला जोडली की जुळणी नावावरून होते. एका फाइलमधलं ‘पुणे ६ दिवस’ आणि दुसऱ्या फाइलमधलं ‘पुणे ६ दिवस’ ही एकच गोष्ट आहे असं सॉफ्टवेअर मानतं, मग आतल्या वेळा वेगळ्या का असेनात. उलट ‘पुणे ६ दिवस’ आणि ‘पुणे सहा दिवस’ यांच्या आत सगळं जसंच्या तसं असलं, तरी ती त्याच्या लेखी दोन निराळी कॅलेंडरं असतात. जवळजवळ सगळी दुखणी या दोनांपैकी एका जातीची असतात. यादीत दिसणारी जुळी कॅलेंडरं त्यातल्या त्यात सोपी. एका नावाखाली लपलेली वेगळी कॅलेंडरं जास्त नुकसान करतात, कारण ती यादीत दिसतच नाहीत.

सामायिक मनुष्यबळाचा ‘रिसोर्स पूल’ आला की हे प्रकरण पेटतं. एका फाइलमध्ये फक्त माणसं ठेवायची आणि बाकीच्या प्रकल्प-फाइलींनी ती तिथून उसनी घ्यायची, ही कल्पना उत्तम आहे. जोडणी करताना ‘शेअर रिसोर्सेस’च्या खिडकीत एक प्रश्न येतो: कॅलेंडर किंवा माणसांच्या माहितीत विरोध आला तर कुणाचं खरं मानायचं, पूलचं की जोडणाऱ्या फाइलचं? घाईच्या दिवसात हा प्रश्न कुणी वाचत नाही. ‘फाइलचं खरं’ असं निवडलं की त्या एका प्रकल्पाच्या वेळा पूलमध्ये जातात आणि पूलमधून तीच माणसं वापरणाऱ्या बाकीच्या प्रकल्पांपर्यंत पोचतात. बदल करणाऱ्याच्या फाइलमध्ये सगळं ठीक दिसतं आणि तारखा दुसऱ्याच प्रकल्पात सरकतात. म्हणूनच ‘कुणी काही बदललं नाही’ हे वाक्य विभागात अगदी प्रामाणिकपणे बोललं जातं. पूल असलेल्या ठिकाणी कायम पूलचंच खरं धरावं, याला अपवाद नसावा असं मला वाटतं. एखाद्या प्रकल्पाची गरज खरोखरच वेगळी असेल तर ती आधी पूलमध्ये नोंदवावी आणि मग खाली उतरू द्यावी.

पूल काय करत नाही हेही माहीत हवं. प्रकल्पाचं कॅलेंडर कोणतं, ही निवड प्रत्येक फाइलची स्वतःची असते, ती पूलमधून येत नाही. त्यामुळे पूलमधला फिटर एका कॅलेंडरवर आणि त्याच प्रकल्पातली माणूस न नेमलेली कामं दुसऱ्या कॅलेंडरवर, अशी स्थिती सहज तयार होते. वेळापत्रक अर्धं इथे, अर्धं तिथे चालतं आणि दोन्हींचं नाव ‘स्टँडर्ड’च असतं.

प्रती वाढण्याची दुसरी वाट म्हणजे ‘सेव्ह ॲज’. पूलला जोडलेली फाइल दुसऱ्या नावाने साठवली की ती प्रतही पूलशी जोडलेली राहते. मग पूलला दोन प्रकल्प दिसतात आणि तीच माणसं दुप्पट कामाखाली वाकलेली दिसतात. लोक याला कॅलेंडरची चूक समजून दिवसभर सुट्ट्या तपासत बसतात. पूल फाइल उघडून ‘शेअर रिसोर्सेस’मध्ये जोडलेल्या फाइलींची यादी पाहिली, तर जुन्या, आता कुणीही न वापरणाऱ्या प्रती तिथे आढळतात. त्यांची जोडणी तिथल्या तिथे तोडता येते. तपासाची पहिली दहा मिनिटं याच यादीवर घालवावीत.

तिसरी वाट ग्लोबल टेम्प्लेटची, म्हणजे ‘ग्लोबल डॉट एमपीटी’ या फाइलची. ही फाइल प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी असते. एकाने ऑर्गनायझर, म्हणजे एका फाइलमधलं कॅलेंडर दुसरीत नेण्याची खिडकी, वापरून तिच्यात कार्यालयाचं कॅलेंडर घातलं, शेजारच्याने त्याच नावाचं स्वतः तयार करून घातलं, तर त्या दोघांच्या नव्या फाइली जन्मतःच वेगळ्या कॅलेंडरांवर उभ्या राहतात. प्रकल्प-फाइल कितीही स्वच्छ केली तरी टेम्प्लेट तसंच राहिलं की पुढच्या नव्या फाइलबरोबर जुनं कॅलेंडर परत येतं.

चौथं कारण सवयीचं आहे आणि माझ्या मते प्रतींची सगळ्यात मोठी पैदास तिथेच होते. दर जानेवारीत सुट्ट्यांची नवी यादी येते, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची प्रत काढली जाते आणि नावापुढे नवं वर्ष चिकटवलं जातं. त्याची काहीच गरज नसते. एकाच कॅलेंडरात कितीही वर्षांच्या सुट्ट्या बसतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा दरवर्षी आपोआप येतील अशा एकदाच नोंदवता येतात. गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी, ईद या तिथीने किंवा चंद्रदर्शनाने सरकणाऱ्या सुट्ट्या तेवढ्या वर्षागणिक त्याच कॅलेंडरात भराव्या लागतात. वर्षाचं वेगळं कॅलेंडर केलं की डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपणाऱ्या कामाला सुट्ट्या कुठून द्यायच्या, हा पेच उभा राहतो. तो सोडवायला कुणीतरी ‘२०२४-२५ एकत्र’ नावाचं तिसरं कॅलेंडर करतो.

आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या प्लॅनिंग इंजिनिअरांकडे याच गोष्टीची मोठी आवृत्ती असते. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आणली. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कार्यालयांचा आठवडा १ जानेवारी २०२२ पासून बदलला: शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. तिथे रमजानमध्ये कामाचे तासही कमी होतात. आता कल्पना करा, आराखड्याचं काम मुंबईत सोमवार ते शुक्रवार, मालकाच्या मंजुऱ्या रियाधमध्ये रविवार ते गुरुवार आणि साइट आठवड्याचे सहा दिवस. इथे तीन कॅलेंडरं हवीतच. पण रमजानसाठी चौथं, पाचवं, सहावं करायचं कारण नाही. प्रोजेक्टमध्ये ‘वर्क वीक्स’ हा टॅब त्यासाठीच आहे. त्याच कॅलेंडरात ठरावीक तारखांपुरत्या वेगळ्या वेळा देता येतात. टॅब माहीत नसतो म्हणून नवं कॅलेंडर तयार होतं.

आता एक उदाहरण अगदी जवळून पाहू, कारण यातली फसवणूक आकड्यांत उतरल्याशिवाय कळत नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी रुळलेली आहे. समजा, एका कंपनीच्या डिझाइन विभागाच्या फाइलमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, आणि कारखान्याच्या फाइलमध्ये त्याच नावाच्या कॅलेंडरात फक्त गुरुवार बंद. दोन्हीकडे दिवस आठ तासांचा, वेगळी सणाची सुट्टी नोंदवलेली नाही. दहा दिवसांचं काम सोमवार, ५ मे २०२५ ला सुरू होतं. पहिल्या कॅलेंडरने दिवस मोजले तर ५ ते ९ आणि १२ ते १६. काम शुक्रवारी, १६ मेला संपतं. दुसऱ्याने मोजले तर ५, ६, ७, मग ९ ते १४ आणि १६. तेही १६ मेलाच संपतं! दोन्ही फाइली शेजारी ठेवून शेवटच्या तारखा जुळवणारा माणूस ‘सगळं ठीक’ म्हणून सही करेल. पण सामायिक वेल्डर ८ आणि १५ मेला एका फाइलप्रमाणे कामावर आहे आणि दुसरीप्रमाणे घरी. शनिवारी १० आणि रविवारी ११ तारखेला नेमकं उलटं. काम अकरा दिवसांचं झालं की पडदा उघडतो: एका कॅलेंडरने शेवट सोमवारी, १९ मेला येतो आणि दुसऱ्याने शनिवारी, १७ मेला.

म्हणून जुळ्या कॅलेंडरांची तुलना कामांच्या तारखांवरून करू नये, ती कामाच्या वेळेवरून करावी. प्रोजेक्टमध्ये त्यासाठी एक सूत्र आहे, ‘प्रोज-डेट-डिफ’. दोन तारखा आणि कॅलेंडरचं नाव दिलं की त्या कॅलेंडरप्रमाणे मधली कामाची मिनिटं ते सांगतं. एका रिकाम्या नंबर-स्तंभात एक कॅलेंडर, दुसऱ्यात दुसरं घालून महिन्यागणिक आकडे काढावेत. मे २०२५ मध्ये सोमवार ते शुक्रवार असे २२ दिवस येतात, म्हणजे १०,५६० मिनिटं. १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी, गुरुवारची, नोंदवलेली असेल तर आकडा १०,०८० येतो. ४८० मिनिटांचा फरक दिसला की शोध एका दिवसावर येऊन थांबतो. महिन्याची बेरीज जुळली तरी एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. एकाने १ मेची सुट्टी दिली आणि दुसऱ्याने चुकून २ मेची, तरीही बेरीज तीच येते. शंका असलेल्या महिन्यात दिवसागणिक आकडे काढणं हाच खात्रीचा मार्ग.

या ठिकाणी एक नकली जुळं ओळखून वेगळं करायला हवं. प्रोजेक्टच्या पर्यायांमध्ये ‘दिवसाचे तास’, ‘आठवड्याचे तास’ आणि ‘महिन्याचे दिवस’ असे तीन आकडे असतात. नेहमीचे म्हणजे ८, ४० आणि २०. कॅलेंडरातल्या वेळांशी त्यांचा आपोआप काही संबंध नसतो, ते फक्त रूपांतराचे आकडे आहेत. कॅलेंडरात दिवस नऊ तासांचा आणि पर्यायांत आठ असेल, तर एक अख्खा दिवस चाललेलं काम १.१३ दिवसांचं दिसतं. दोन फाइलींत हे आकडे वेगळे असले की तेच कॅलेंडर असूनही कालावधी वेगळे दिसतात आणि दोष कॅलेंडरवर जातो. पुढे कुणीतरी ‘९ तास दुरुस्त’ नावाचं नवं कॅलेंडर करतो आणि एका खोट्या दुखण्यातून खरं दुखणं तयार होतं.

मास्टर फाइलबद्दल थोडक्यात. अनेक प्रकल्प एका मास्टर फाइलमध्ये घातले की प्रत्येक उपप्रकल्प आपलं कॅलेंडर बरोबर घेऊन येतो आणि त्यावरच चालत राहतो. मास्टरचं कॅलेंडर बदलून उपप्रकल्पांच्या तारखा सुधारत नाहीत. उपप्रकल्प पूलशी जोडलेले नसतील तर एकाच नावाचा माणूस मास्टरच्या यादीत तितक्या वेळा दिसतो. हे जुळेपण मास्टरमध्ये बसून मिटवायचा प्रयत्न करू नये. आधी पूल, मग मास्टर हा क्रम ठेवला की ते उरत नाही.

आता प्रत्यक्ष सफाईकडे. आधी पूल आणि त्याला जोडलेल्या सगळ्या फाइली एकत्र, एकाच वेळी, बाजूला प्रत करून ठेवाव्यात. एकट्या पूलची प्रत उपयोगाची नाही. सफाई चालू असताना बाकी कुणी फाइली उघडणार नाही असं विभागात जाहीर करावं. मग प्रत्येक फाइलमध्ये आजच्या तारखा एका रिकाम्या बेसलाइनमध्ये गोठवाव्यात. प्रोजेक्टमध्ये मुख्य धरून अकरा बेसलाइन असतात आणि शेवटची सहसा कुणी वापरलेली नसते. सफाईनंतर कोणती तारीख किती हलली हे त्या बेसलाइनशी ताडून दिसेल. हाताने तारखा दिलेली, म्हणजे ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ कामं आधीच गाळून वेगळी ठेवावीत. ती जागची हलत नसल्यामुळे सफाई निर्धोक झाली असा खोटा दिलासा देतात.

त्यानंतर कोणती प्रत कुठे वापरात आहे याची यादी करायची. रिसोर्स शीटमध्ये ‘बेस कॅलेंडर’चा स्तंभ असतोच, कामांच्या तक्त्यात ‘टास्क कॅलेंडर’चा स्तंभ घालावा आणि प्रत्येक फाइलचं प्रकल्प-कॅलेंडर लिहून घ्यावं. फाइली पुष्कळ असतील तर हे काम एका छोट्या मॅक्रोवर सोपवता येतं. यादी समोर आली की कोणतं कॅलेंडर ठेवायचं हे ठरवायचं, आणि इथे मी आग्रहाने सांगेन की सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं कॅलेंडर हा निकष नव्हे. साइटवर प्रत्यक्षात ज्या दिवशी, ज्या वेळात काम चालतं, त्याच्याशी जुळणारं कॅलेंडर ठेवायचं. तसं एकही नसेल तर नीट नवं करून पूलमध्ये ठेवायचं आणि ऑर्गनायझरने इतर फाइलींत न्यायचं. मग पूलमध्ये माणसांची बेस कॅलेंडरं बदलायची, पूल साठवायचा, एकेक प्रकल्प-फाइल पूलबरोबर उघडून तिथली कामांची आणि प्रकल्पाची कॅलेंडरं बदलायची. माणसांच्या स्वतःच्या रजा आणि अपवाद या वेळी एकदा नजरेखालून घालावेत. एखाद्याच्या कॅलेंडरात २६ जानेवारीला ‘कामाचा दिवस’ असा जुना अपवाद राहिला असेल, तर बेस कॅलेंडरात सुट्टी घालूनही तो माणूस त्या दिवशी कामावर दिसणार.

नको असलेली कॅलेंडरं मात्र लगेच काढू नयेत. ऑर्गनायझरमधून त्यांच्या नावाच्या सुरुवातीला ‘झेड_वापरू नका’ असं लावावं, म्हणजे ती यादीच्या तळाशी जातात. पुढचा मासिक आढावा होऊ द्यावा. कुठली फाइल अजून त्यांच्यावर लटकली असेल तर ती या काळात उघडी पडते. त्यानंतरच काढायची, आणि प्रत्येकाच्या ग्लोबल टेम्प्लेटमधूनही.

प्रायमाव्हेरा पी-६ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. २००८ मध्ये ऑरॅकलने विकत घेतलेलं हे सॉफ्टवेअर रस्ते, मेट्रो, वीजप्रकल्प, तेलशुद्धीकरण अशा मोठ्या कामांत चालतं. इथे सगळे प्रकल्प एकाच डेटाबेसमध्ये असतात आणि कॅलेंडरांच्या तीन जाती असतात: सगळ्यांसाठी ‘ग्लोबल’, एका प्रकल्पापुरतं ‘प्रोजेक्ट’ आणि माणसा-यंत्रांचं ‘रिसोर्स’. कोणतं कॅलेंडर लागू होईल हे कामाच्या प्रकारावर ठरतं. काम ‘टास्क डिपेंडंट’ असेल तर कामाचं, ‘रिसोर्स डिपेंडंट’ असेल तर माणसांचं. यातून तपासाला मोठी सोय होते. सगळी कामं टास्क डिपेंडंट असतील तर रिसोर्स कॅलेंडरांच्या प्रतींनी कामांच्या तारखा हलत नाहीत. मग सफाई सवडीने केली तरी चालते.

पी-६ मध्ये प्रती येतात त्या मुख्यतः बाहेरून आलेल्या एक्सईआर फाइलींमधून. उपकंत्राटदार आपलं वेळापत्रक पाठवतो, त्याबरोबर त्याच्या डेटाबेसमधली ग्लोबल कॅलेंडरं येतात. फाइल आत घेताना प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी विचारलं जातं की आपल्याकडचं कायम ठेवायचं, आलेल्याने बदलायचं, की आणखी काही. हा खरा पेच आहे. बदलायला परवानगी दिली तर एका उपकंत्राटदाराच्या सुट्ट्या आपल्या डेटाबेसमधल्या त्याच ग्लोबल कॅलेंडरवर चालणाऱ्या सगळ्या प्रकल्पांत शिरतात, आणि पुढच्या वेळी एफ-९ दाबून वेळापत्रक पुन्हा मोजलं की त्यांच्या तारखा बदलतात. आपलंच कायम ठेवलं तर आलेलं वेळापत्रक आपल्या कॅलेंडरवर मोजलं जातं आणि त्याने सही करून पाठवलेल्या तारखा आपल्याकडे दिसत नाहीत. मला यातला सुरक्षित मार्ग एकच वाटतो. बाहेरची फाइल मुख्य डेटाबेसमध्ये थेट घेऊच नये. ती आधी वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये घ्यावी, तिथे तिची ग्लोबल कॅलेंडरं प्रकल्पाची करावीत, नावापुढे उपकंत्राटदाराची खूण लावावी आणि मग पुन्हा बाहेर काढून मुख्य डेटाबेसमध्ये आणावी. वेळ जातो. पण ग्लोबल कॅलेंडर बिघडल्यावर मागच्या महिन्यांच्या अहवालांची संगती लावायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

एक्सईआर ही साधी टॅबने तोडलेली मजकूर-फाइल असते, हे फार मोलाचं आहे. नोटपॅडमध्ये ‘कॅलेंडर’ नावाचा तक्ता शोधला की प्रत्येक कॅलेंडरचं नाव, जात, दिवसाचे तास आणि लांबलचक कंसांच्या ओळीत आठवड्याच्या वेळा व अपवाद मिळतात. आत घेण्यापूर्वी हे पाहता येतं, आणि पाहावंच. आत आल्यावरही कॅलेंडरांच्या खिडकीत ‘यूज्ड बाय’ हे बटण कोणतं कॅलेंडर कोण वापरतं ते दाखवतं.

पी-६ मध्ये आणखी एक लपलेली जागा आहे: दोन कामांमधलं अंतर, म्हणजे लॅग. तो कोणत्या कॅलेंडरने मोजायचा हे वेळापत्रकाच्या पर्यायांत ठरतं: आधीच्या कामाच्या, पुढच्या कामाच्या, प्रकल्पाच्या मूळ कॅलेंडरने की २४ तासांच्या. काँक्रीट मुरायला लागणारे सात दिवस सुट्टी पाळत नाहीत. ते सहा दिवसांच्या कॅलेंडरने मोजले गेले तर एक दिवस उगाच वाढतो. कॅलेंडरांच्या प्रती मिटवूनही तारखा जुळत नसतील तर इथे पाहावं.

सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये मुळात हा प्रश्न उद्भवू नये अशी सोय आहे. तिथे कॅलेंडरं संस्थेच्या पातळीवर असतात आणि प्रकल्पांना स्वतःची स्थानिक कॅलेंडरं वापरू द्यायची की नाही, ही एक खूण प्रशासकाच्या हाती असते. अनेक ठिकाणी ती सुरुवातीला सोय म्हणून चालू केली जाते आणि तशीच राहते. ती बंद ठेवावी, असं माझं मत आहे. यातलीच प्रोजेक्ट ऑनलाइन ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ रोजी बंद करण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. जिथे फाइली बाहेर काढून दुसरीकडे नेण्याचं काम आहे, तिथे स्थलांतराआधी कॅलेंडरांची यादी करून प्रती मिटवलेल्या बऱ्या. नव्या घरी गेल्यावर कोणती प्रत कुठून आली हे विचारायला जुनं घर उरलेलं नसतं.

कॅलेंडरं किती असावीत, यावर प्लॅनिंगवाल्यांत दोन तट आहेत. एक गट म्हणतो, एकच ठेवा, गोंधळ नको. दुसरा प्रत्येक तुकडीला वेगळं देतो. पहिल्याचं म्हणणं सोयीचं असलं तरी आपल्याकडे ते टिकत नाही. जून ते सप्टेंबर माती भरण्याचं आणि डांबरीकरणाचं काम जवळपास बंद असतं, पण त्याच प्रकल्पात कारखान्यात गर्डर बनवण्याचं काम चालू असतं. पावसाळ्याचं कॅलेंडर वेगळं ठेवलं नाही तर ऑगस्टात डांबर टाकायची तारीख छापून येते. म्हणून जमिनीवर खरा फरक असेल तिथे वेगळं कॅलेंडर हवंच. वेल्डरच्या आणि फिटरच्या पाळ्या एकच असतील तर त्यांना दोन कॅलेंडरं देणं म्हणजे उद्याच्या दुरुस्तीची आजच सोय करणं. गोव्यात ३ डिसेंबर आणि १९ डिसेंबरची सुट्टी पाळणारी तुकडी आणि पुण्यातली तुकडी यांना मात्र वेगळं कॅलेंडर हवं.

कॅलेंडरांच्या संख्येचा फटका फ्लोटला, म्हणजे प्रकल्पाचा शेवट न हलवता काम किती लांबू शकतं त्या मोकळिकीलाही बसतो. एकाच साखळीतल्या दोन कामांची कॅलेंडरं वेगळी असली की त्यांचा फ्लोट वेगवेगळा निघतो, कारण प्रत्येकाचा फ्लोट त्याच्या स्वतःच्या कामाच्या दिवसांत मोजला जातो. मग ‘शून्य फ्लोट म्हणजे क्रिटिकल’ या चाळणीतून साखळीतली काही कामं निसटतात. खरोखर वेगळ्या कॅलेंडरांमुळे हे झालं तर समजून घेता येतं आणि पी-६ मध्ये ‘लाँगेस्ट पाथ’ने त्यावर मात करता येते. विसरलेल्या प्रतीमुळे झालं तर क्रिटिकल पाथच चुकीचा दाखवला जातो आणि माणसं, क्रेन, पैसा चुकीच्या कामाकडे वळतो.

एवढं असूनही वेळापत्रकाच्या तपासण्यांत कॅलेंडरांकडे फारसं कुणी पाहत नाही. अमेरिकी संरक्षण विभागातल्या डीसीएमए या संस्थेची १४ मुद्द्यांची तपासणी जगभर वापरली जाते. तिच्यात तुटलेली साखळी, लॅग, सक्तीच्या तारखा, जास्त फ्लोट, ऋण फ्लोट सगळं आहे. कॅलेंडरांच्या प्रतींवर एकही मुद्दा नाही. चौदाच्या चौदा मुद्द्यांत उत्तीर्ण झालेलं वेळापत्रक दोन ‘स्टँडर्ड’वर अर्धं-अर्धं चालत असू शकतं. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१७ च्या करारनमुन्यात ८.३ कलमाखाली कंत्राटदाराच्या कार्यक्रमात स्थानिक विश्रांतीचे दिवस आणि सुट्ट्या दाखवणं अपेक्षित आहे. विलंबाच्या वादांसाठी वापरला जाणारा ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा प्रोटोकॉल वेळापत्रक त्याच्या मूळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यायला सांगतो. म्हणजे पीडीएफमागे लपलेलं कॅलेंडर उद्या लवादापुढे उघडं होणार आहे. मुदतवाढ मागताना समोरच्या तज्ज्ञाने एकाच नावाच्या दोन कॅलेंडरांवर बोट ठेवलं, तर खऱ्या विलंबाचा दावाही डळमळतो. साइटवर उन्हात उभं राहून काम केलेल्या लोकांवर हा अन्याय आहे, आणि तो टाळणं प्लॅनिंग विभागाच्या हातात असतं.

म्हणून कॅलेंडर बदलण्याचा अधिकार कार्यालयात एकाच व्यक्तीकडे असावा. पूल फाइल बाकीच्यांनी फक्त वाचण्यासाठी उघडावी आणि आपले बदल ‘अपडेट रिसोर्स पूल’ने कळवावेत. कॅलेंडरच्या नावातच आठवड्याचे दिवस, दिवसाचे तास आणि ठिकाण लिहिलेलं असावं, जसं ‘६ दिवस ९ तास भोसरी गुरुवार बंद’. मनुष्यबळ विभागाकडून सुट्ट्यांची यादी आली की ती त्या एकाच व्यक्तीकडे जावी, त्याच कॅलेंडरात भरली जावी आणि कोणत्या तारखेला काय भरलं याची नोंद पूल फाइलशेजारी एका साध्या तक्त्यात राहावी. साइट इंजिनिअरने येत्या रविवारी काम चालू ठेवायचं ठरवलं, तर तो निरोपही याच व्यक्तीकडे यायला हवा, आणि तोसुद्धा शनिवार उलटायच्या आत.